खड्डामाग

माग निम्मा जमिनीत असतो.
विणकर काठावर, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर.
वरचा मल्लेशम येमूल अख्ख्या साखर पेठेला दिसे,
गुडघ्याखालचा
फक्त उंदरांना.

त्या आठवड्यात उंदीर भर दुपारी बाहेर येत,
झिंगल्यासारखे गोल फिरून पडत.
एक खड्ड्यातच राहिला, खळीच्या मडक्यामागे,
आणि थंड होत गेला.
थंड अंगावर पिसू थांबत नाही.

तिची भूक मला वर्गात नीट समजावता येत नाही.
पोटाच्या तोंडाशीच जंतूंचा बोळा बसलेला;
रक्त ओढते, आत उतरत नाही,
उलटून पडते जखमेत, म्हणून पुन्हा चावते.
उपाशी मरता मरता.
डाव्या घोट्याखाली, आतल्या अंगाला.
मल्लेशमनं उजव्या अंगठ्यानं खाजवलं
आणि पावडी दाबली.

त्याच्या भावाची मी पणती.
काचेच्या बशांतल्या जंतूंच्या वसाहती मोजणं हे माझं काम,
म्हणून मला हेही मोजूनच सांगता येतं.
समजा, शिरले हजार.
बहुतेक कातडीतच खपले.
राखणदार पेशी धावल्या, गिळत सुटल्या,
गिळलेले काही पचले नाहीत.
त्यातले पाच-सात, कदाचित एखादाच,
लसवाहिनीला लागला.
तिला नदी म्हणू नका.
तिचा स्वतःचा जोर थोडा;
पोटरी आवळली की सरकते,
सैल पडली की रेंगाळते.
आणि तो तर दिवसभर पावड्या मारत होता.

दीड दिवस काहीच नाही.
ताप नाही, लाली नाही.
माणसाची ऊब लागली की ते अंगावर लेप चढवतात,
धरायला आलेल्या पेशीत सुई खुपसतात,
आणि ती ओरडायचं विसरते.
घरात चोर, कुत्रं शेपूट हलवतंय.

त्याच दिवशी लेकीला तांडूरला आजोळी ठेवायला निघाला.
स्टेशनवर रांग. गाठोडी उघडलेली.
गोऱ्या डॉक्टरनं काखा चाचपल्या,
मग धोतर सोडायला लावलं, सगळ्यांसमोर.
मल्लेशम मान वळवून मालगाडीचे डबे मोजत राहिला.
बोटं अगदी तिथंच होती, डाव्या जांघेत,
वालाच्या दाण्याएवढ्या गाठीवर.
मऊ होती. रोजच्यासारखी.
आत एकाचे दोन झाले होते,
दोनाचे चार.
कागदावर शिक्का बसला.
बाहेर आल्यावर नरसव्वानं विचारलं, काय केलं रे तुला?
तो म्हणाला, येम लेदु.
काही नाही.
त्याचं अंगही तेव्हा तेच सांगत होतं.

डॉक्टरला मी दोष देऊ शकत नाही,
ज्याचं अंग त्याला कळलं नव्हतं.
माफही करू शकत नाही, कारण
आमच्या घरात गोष्ट सांगतात ती गाठीची नव्हे,
धोतराची.

तांडूरहून एकटा परतला, त्या रात्री थंडी वाजली.
सकाळी गाठ लिंबाएवढी.
पाय पोटाशी घेतला तो सरळ झाला नाही.
पुढे रक्त, पाणथरी, काळीज;
ते पुस्तकात आहे, सगळ्यांना पाठ.
परीक्षेत तेच विचारतात.
मी मात्र मुलांना मागच्या पानावर अडवून धरते,
जिथं अजून काही दिसत नाही.
मुलं घड्याळ बघतात.

मागावर लुगडं अर्धं होतं.
भावानं खड्डा चुन्यानं पोतारला, बुजवला नाही,
महिन्याभरानं त्याच काठावर बसला, पाय खाली सोडून.
हात बदलला की पोत बदलतो.
म्हणतात, डोळ्याला कळत नाही,
बोट फिरवलं की लागतं.
लुगडं मंगळवारच्या बाजारात गेलं.
नेसलं असेल कुणीतरी.